पाच देश, एक नदी, एकच मोजमाप

स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या तीन देशांच्या सीमा बाझल शहराजवळ ऱ्हाइन नदीच्या पात्रात एकत्र येतात. तिथून थोडं खाली, वाइल आम ऱ्हाइन या जर्मन गावात, नदीकाठी एक तपासणी केंद्र आहे. जमीन जर्मनीची, पण 1993पासून केंद्र चालवतात जर्मनी आणि स्वित्झर्लंड मिळून. इथे रोज नदीचं पाणी उचललं जातं, आणि तेही एका जागेवरून नाही, पात्राच्या रुंदीत पाच वेगवेगळ्या जागांवरून.

पाच कशाला? वाहतं पाणी लगेच एकजीव होतं असं आपण गृहीत धरतो, पण मोठी नदी तशी वागत नाही. डाव्या काठाच्या कारखान्यातून सुटलेलं सांडपाणी कित्येक किलोमीटर डावा काठ धरूनच जातं. उजव्या काठावर बादली बुडवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आडव्या रेषेत पाच ठिकाणी पाणी घ्यायचं, तेव्हा कुठे संपूर्ण नदीचा अंदाज येतो.

आता हे मोजमाप किती बारीक आहे ते पाहा. इथली यंत्रं काही रसायनं लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणातही ओळखतात. बाझलजवळ ऱ्हाइन सेकंदाला सरासरी हजार घनमीटरांहून थोडं जास्त पाणी वाहून नेते. लिटरमागे एक नॅनोग्रॅम याचा अर्थ, सोळा मिनिटांत जेवढी नदी समोरून जाईल तेवढ्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम! पण याच गणिताची दुसरी बाजूही आहे. तेच प्रमाण शंभर नॅनोग्रॅम झालं, तरी आकडा क्षुल्लकच वाटतो. प्रत्यक्षात मात्र नदी त्या दिवसभरात नऊ किलो रसायन खालच्या देशांकडे घेऊन गेलेली असते.

त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, ज्याचं नावही कुणाला माहीत नाही असं रसायनही इथे पकडता येतं. मास स्पेक्ट्रोमीटर पाण्यातल्या हजारो रेणूंचं वस्तुमान दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत मोजतो. आजच्या नोंदी आदल्या दिवसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, की काल नव्हता आणि आज आहे असा रेणू उठून दिसतो. मग त्याच्या रचनेचा माग काढत तो कुठल्या नळातून सुटला इथपर्यंत पोचायचं. एकट्या 2014 साली या पद्धतीने दहा मोठ्या गळत्या उघडकीस आल्या. ही रसायनं त्याआधी कुणाच्याच यादीत नव्हती.

इतकी खबरदारी घेण्याची पाळी का आली, हे समजायला 1 नोव्हेंबर 1986च्या पहाटेकडे जावं लागतं. बाझलजवळच्या श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत तेराशे टनांहून अधिक रसायनं होती, त्यात बहुतेक कीटकनाशकं. आग विझवण्यासाठी मारलेलं पाणी साठवायला जागाच नव्हती. ते वीस ते तीस टन विष घेऊन थेट नदीत गेलं. गोदामातल्या रंगामुळे ऱ्हाइन लाल झाली. सुमारे चारशे किलोमीटरच्या टप्प्यात दीड लाखाच्या आसपास ईल मासे मेले. खालच्या अंगाच्या पाणीपुरवठा केंद्रांना नदीचं पाणी घेणं थांबवावं लागलं. खालच्या देशांना निरोपही उशिरा मिळाला, आणि संतापाचा भडका त्यामुळे आणखी वाढला.

त्यानंतर भक्कम केली गेली इशारा देण्याची यंत्रणा. तिच्या मुळाशी एक गणिती प्रतिरूप आहे. कुठे, किती आणि काय सांडलं हे सांगितलं, की विषाची लाट कोणत्या शहरापाशी कधी येईल, किती तीव्र असेल आणि कधी ओसरेल हे ते सांगतं, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. हे सोपं नाही. मधल्या धारेत पाणी धावतं, काठाच्या बांधांमागे ते घुटमळतं. त्यामुळे लाटेचं डोकं पुढे पळतं आणि शेपूट लांबत जातं. हे नेमकं किती, ते कळावं म्हणून शास्त्रज्ञांनी नदीत निरुपद्रवी रंग सोडले आणि शेकडो किलोमीटर त्यांचा पाठलाग केला. आज वर काही सांडलं, तर बाझलपासून नेदरलँड्सपर्यंतच्या इशारा केंद्रांना निरोप जातो. लाट डच सीमेवर पोचायला आठवडाभर लागतो. तेवढ्या अवधीत खालच्यांना पाणी उचलणं थांबवता येतं. ऱ्हाइनच्या पाण्यावर सुमारे तीन कोटी माणसांची तहान भागते.

काही केंद्रांवर यंत्रांच्या जोडीला जिवंत पहारेकरीही असतात. डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला दोन-तीन मिलिमीटरचा, उड्या मारत पोहणारा जीव. त्याच्या काचपात्रातून नदीचं पाणी सतत खेळवलं जातं आणि कॅमेरा त्याची प्रत्येक उडी टिपतो. उड्यांची चाल बिघडली, की धोक्याची घंटा वाजते. यंत्र आकडा सांगतं, पण हा आकडा जिवाला बाधतो का, ते डॅफ्निया सांगतो.

तरीही मला या सगळ्यात सर्वांत मोठं नवल वाटतं ते माणसांच्या एकत्र येण्याचं. जुलै 1950मध्ये, महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली असताना, स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी ऱ्हाइनच्या रक्षणासाठी आयोग नेमला. नमुना कसा घ्यायचा, कुठे घ्यायचा, कोणत्या पद्धतीने तपासायचा, यावर आधी एकमत करावं लागलं. दोन देशांचे आकडेच जुळत नसतील, तर दोष कुणाचा यावर वाद घालण्यातही अर्थ नसतो.

आकडे जुळले तरी खिसे जुळायला वेळ लागतो. फ्रान्समधल्या अल्सेसच्या पोटॅश खाणी मणामणांनी मीठ नदीत सोडत, आणि खाली डच बागायतदारांची रोपं करपत. 1976च्या करारात मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घेतला गेला: नेदरलँड्स 34 टक्के, जर्मनी आणि फ्रान्स प्रत्येकी 30, स्वित्झर्लंड 6. ज्याला सर्वांत जास्त सोसावं लागलं, त्यानेच सर्वांत जास्त पैसे दिले! अंमल सुरू व्हायला 1985 उजाडलं. 1976मध्येच युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला होता, की सीमेपलीकडून नुकसान झालं तर जिथे नुकसान झालं तिथल्या न्यायालयातही दाद मागता येते.

1987मध्ये या देशांनी एक उद्दिष्ट ठरवलं, जे शाळकरी मुलालाही कळेल: 2000पर्यंत नदीत सामन मासा परत आला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ऱ्हाइनमधून नाहीसा झाला होता. 1990मध्ये झीग या उपनदीत तो पुन्हा दिसला. इफेझहाइमच्या बंधाऱ्याला 2000मध्ये आणि गाम्ब्सहाइमच्या बंधाऱ्याला 2006मध्ये माशांसाठी वाटा करून दिल्या. बाझलपर्यंतचा रस्ता मात्र अजून पुरता मोकळा झालेला नाही. औषधांचे आणि कीटकनाशकांचे सूक्ष्म अंश हे नवं आव्हान आहे. 2040पर्यंत ते निदान 30 टक्क्यांनी घटवायचे, असं आता ठरलं आहे.

विशेष म्हणजे या आयोगाकडे दंड करण्याचा अधिकार नाही. त्याच्या शिफारशी कायद्याने बंधनकारकही नाहीत. तरीही नदी सुधारली, कारण प्रत्येक देशाचे आकडे बाकीच्यांसमोर उघडे असतात आणि लपवण्याची किंमत सांगण्यापेक्षा जास्त पडते. सामायिक नदी वाचवायची सुरुवात इथूनच होते: सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं, आणि आपल्याकडे काही सांडलं तर खालच्या गावाने विचारायच्या आधी सांगायचं. तुमच्या गावावरून जी नदी जाते, तिचं पाणी कोण मोजतं आणि तो आकडा खालच्या गावाला कळतो का, एवढी चौकशी तुम्हीही जरूर करा.