डोण की डोंगा?

१९५५ साली नेदरलँड्समधल्या पेसे गावाजवळ महामार्गाचं खोदकाम चालू होतं. तिथे पाइनचं एक कोरलेलं खोड निघालं. लांबी जेमतेम तीन मीटर, वय सुमारे दहा हजार वर्षं. जगातली सर्वांत जुनी ज्ञात होडी ती हीच. काही अभ्यासकांना मात्र ती गव्हाण वाटली. शेवटी २००१ साली तशीच दुसरी होडी कोरली गेली; वल्हवणारा बसला आणि ती नीट चालली. करून पाहून उत्तर शोधण्याच्या या रीतीला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात.

मराठीत हा वाद आधीच मिटलेला आहे. आपली डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायचं कोरीव पात्र आणि लहानशी नावही. तिचाच भाऊबंद शोभावा असा डोंगा गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधसारख्या तलावांवर ढिवर या मच्छीमार समाजाने वापरला. या भागात कोहळी समाजाने तलाव बांधले आणि ढिवरांनी त्यांत जाळी टाकली. त्यांतल्या माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेल्या, तलावांना इथे ‘मामा तलाव’ म्हणतात.

डोंग्याची घडण दिसायला सोपी. एक जाड, सरळ खोड घ्यायचं आणि कुऱ्हाड-वाकसाने आतून पोखरायचं. कसब आहे ते थांबण्यात. तळ जाड राहिला तर डोंगा जड होतो, काठ पातळ झाले तर चिरतो. नवखा त्यात उभा राहिला की पहिल्या झोक्यालाच पाण्यात. ढिवर मात्र लांब बांबू तलावाच्या तळाला टेकवून तो रेटतो आणि त्यातूनच जाळं ओढतो. पूर्वी डोंगा कसा चालत असेल, हे त्याला प्रयोग करून शोधावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये जुन्या होड्यांबाबत ते शोधावं लागलं. हंबर खाडीच्या काठी, नॉर्थ फेरिबीला, १९३७पासून कांस्ययुगीन होड्यांचे अवशेष सापडत गेले. ओकच्या फळ्या यू झाडाच्या फांद्यांनी शिवलेल्या. त्यांच्या आधारे २०१२मध्ये फाल्मथच्या सागरी संग्रहालयात पूर्ण आकाराची होडी घडवायला घेतली. एका अनुभवी नावबांध्याच्या हाताखाली स्वयंसेवक महिनोन्‌महिने ओक तासत राहिले. मार्च २०१३मध्ये ‘मॉर्गॉर’ पाण्यात उतरली. शिवणारे हात तिथे कधीच संपले होते. स्वयंसेवकांनी ते नव्याने तयार केले.

आपल्याकडची ‘कौंडिण्य’ याहून सुदैवी. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं हे शिवलेलं जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. चित्रात जहाजाचा आकार होता, टाका नव्हता. तो केरळच्या कारागिरांच्या बोटांत होता. अनुभवी नावबांधे बाबू शंकरन यांच्या हाताखाली त्यांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. चित्र पंधराशे वर्षं टिकलं, पण जहाज झालं ते जिवंत हातांमुळे.

म्हणून गोंदियात डोंगा घडवण्याचा असा प्रकल्प कुणी काढलाच, तर त्याचा आरंभ झाड तोडण्यापासून नको. तेवढं जाड खोड आता सहज मिळणार नाही आणि जंगलाचे कायदेही आहेत. आधी तलावाकाठी पडलेले जुने डोंगे मोजावेत, तळाची आणि काठाची जाडी लिहून ठेवावी. मग एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला विचारावं, ‘मामा, पोखरताना थांबायचं कुठं, ते कसं कळतं?’ स्वयंसेवक व्हायची हौस असेल, तर टेप आणि वही घेऊन आधी एवढं करून या.