हिवाळ्यातले ऑक्सफर्ड : सावली, घंटा, दगड आणि एक वही

ऑक्सफर्ड पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी उन्हाळ्यात जातात. हिरवळी, नदीतल्या होड्या आणि रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा उजेड यांचे आकर्षण असतेच. हिवाळ्यात हे शहर करडे, ओले आणि अंधारलेले असते. तरीही शिक्षकाला निवड करता आली तर त्याने हिवाळाच निवडावा, असे आम्ही म्हणू. भूगोल आणि विज्ञानाच्या पुस्तकातील कितीतरी वाक्ये त्या दिवसांत तेथील रस्त्यांवर तपासून पाहता येतात. तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याला जे ‘वाटते’ आणि जे मोजल्यावर ‘ठरते’ त्यांत पुष्कळ अंतर असू शकते. ज्यांना तेथे जाणे शक्य नाही त्यांनी पृथ्वीचा गोल समोर ठेवून आमच्याबरोबर चालावे.

चौपट लांबीची सावली

ऑक्सफर्ड सुमारे ५१.७५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेस असतो. मध्यान्हीची सूर्याची उंची काढणे सोपे आहे. ९० मधून ५१.७५ आणि २३.४ वजा करायचे. उत्तर येते जेमतेम १५ अंश. पुण्यासाठी (१८.५ अंश) हेच उत्तर ४८ अंश येते.

हा फरक डोळ्यांना कसा दिसतो? एक मीटर उंचीची काठी जमिनीत उभी रोवली, तर त्या दिवशी भर दुपारी पुण्यात तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडेल. ऑक्सफर्डमध्ये ती जवळजवळ ३.८ मीटर पडेल. मग अरुंद गल्ल्यांतल्या एका बाजूच्या इमारतींची सावली दिवसभर समोरच्या भिंतींवर चढलेली राहते आणि ऊन दिसते ते फक्त मनोऱ्यांच्या टोकांवर. आम्ही तेथे होतो तेव्हा दुपारी साडेतीनलाच दुकानांतले आणि वाचनालयांतले दिवे लागलेले दिसत. सूर्य चारच्या आधी मावळे आणि सकाळी आठनंतर उगवे. म्हणजे दिवस पावणेआठ तासांच्या आसपास. पुण्यात त्याच दिवशी तो सुमारे अकरा तासांचा असतो.

शिवाय तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात. वातावरणातील शोषणाचा विचार तूर्त बाजूला ठेवला, तरी भर दुपारी ऑक्सफर्डच्या सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरला मिळणारी ऊर्जा पुण्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच भरते.

मग तेथे बर्फाचे ढीग का नसतात?

एवढ्या माहितीवरून विद्यार्थी सहज म्हणतील, की तेथे भयंकर थंडी असणार. गोलावर याच अक्षांशावरून पूर्वेकडे बोट फिरवावे. बैकल सरोवराजवळचे इर्कुट्स्क शहर लागते. त्याचा अक्षांश सुमारे ५२.३ अंश, म्हणजे सूर्याची उंची आणि दिवसाची लांबी जवळजवळ तीच. तेथील जानेवारीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ऑक्सफर्डचे मात्र अधिक ५ अंशांच्या जवळपास. सूर्य तोच, अक्षांश तोच, तरी फरक तेवीस अंशांचा!

याचे कारण पश्चिमेला पसरलेला अटलांटिक महासागर. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली उष्णता समुद्र सावकाश सोडतो. दक्षिणेकडून येणारे उष्ण प्रवाहही त्यात भर घालतात. पण केवळ ‘उष्ण प्रवाहामुळे’ एवढेच उत्तर अपुरे आहे. ती ऊब जमिनीवर वाहून आणणारे पश्चिमी वारे तितकेच महत्त्वाचे आहेत. हे वारे अडले तर काय होते, ते १९६२-६३ च्या हिवाळ्याने दाखवले. त्या वेळी आठवडेच्या आठवडे पूर्वेकडून थंड वारे येत राहिले. इंग्लंडमध्ये जानेवारी महिन्याची सरासरी शून्याखाली गेली आणि ऑक्सफर्डला थेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावरून मोटारगाडी नेली गेली.

एरवी वाहती थेम्स सहसा गोठत नाही. मात्र शहराच्या वायव्येला पोर्ट मेडो नावाचे विस्तीर्ण गायरान आहे. हिवाळ्यात नदीचे पाणी त्यावर पसरते आणि थंडीचा कडाका पडला की ते गोठून लोक त्यावर घसरत खेळतात. नदी वाहती असताना शेजारचे पाणी कसे गोठते? पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. तोपर्यंत थंड झालेले पाणी जड होऊन खाली बसते आणि खालचे वर येते. त्यामुळे खोल पाण्याचा सारा साठा आधी ४ अंशांपर्यंत उतरावा लागतो. त्यानंतरच पृष्ठभाग शून्याकडे जाऊ लागतो. गायरानावरचे पाणी उथळ आणि स्थिर असल्यामुळे त्याला काही थंड रात्री पुरतात.

पाच मिनिटे मागे असलेली घंटा

ख्राइस्ट चर्च या महाविद्यालयाच्या वेशीवर ख्रिस्तोफर रेन याने १६८१-८२ मध्ये उभारलेला टॉम मनोरा आहे. त्यातली ‘ग्रेट टॉम’ ही थोरली घंटा रात्री १०१ टोल देते. महाविद्यालयातील मूळ शंभर विद्यार्थी आणि नंतर वाढवलेला एक, असा या संख्येचा हिशेब आहे. पूर्वी हे टोल म्हणजे दरवाजे बंद होण्याची सूचना असे. पण टोल सुरू होतात ते नऊला नव्हे, नऊ वाजून पाच मिनिटांनी.

घंटा चुकत नाही. ऑक्सफर्ड हे ग्रीनिचच्या पश्चिमेस सुमारे सव्वा अंशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा सव्वा अंशाला पाच मिनिटे. म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळात ९.०५ झाले की ऑक्सफर्डच्या स्थानिक वेळेप्रमाणे बरोबर नऊ! रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चाले. गाड्यांच्या वेळापत्रकासाठी सर्वांची वेळ एक करावी लागली आणि १८८० मध्ये ग्रीनिचची वेळ कायद्याने साऱ्या ग्रेट ब्रिटनची झाली. घंटेने मात्र जुनी वेळ सोडली नाही. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे नेतात. हिवाळ्यात ती थेट ग्रीनिचची वेळ दाखवतात, म्हणून हा पाच मिनिटांचा हिशेब हिवाळ्यात सरळ जुळतो.

आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. मुंबई ७२.८ अंशांवर असल्याने तिची स्थानिक वेळ सुमारे ३९ मिनिटे मागे पडते. ही जुनी ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे वापरात होती. आपल्या गावाचे रेखांश घेऊन असाच हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.

झिजलेले सम्राट

शेल्डोनियन सभागृहाच्या कुंपणावर दाढीवाल्या पुरुषांची मोठी दगडी मस्तके आहेत. लोक त्यांना ‘सम्राट’ म्हणतात. १६६९ मध्ये बसवलेला पहिला संच १८६८ मध्ये बदलला गेला. हा दुसरा संच मात्र शंभर वर्षांत इतका झिजला, की नाक-डोळेही ओळखू येईनात. आज दिसतात ती १९७२ मध्ये बसवलेली तिसरी मस्तके.

ऑक्सफर्डच्या बऱ्याच जुन्या इमारती चुनखडीच्या दगडाच्या, म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटच्या आहेत. हिवाळ्यात घरोघरी कोळसा जळे. त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची ओलाव्याच्या साथीने दगडाशी क्रिया होऊन जिप्सम तयार होई. काजळी त्यात अडकून काळा पापुद्रा बने आणि तो सुटताना दगडाचा थर घेऊन जाई. शिवाय दगडाच्या छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि आतून दगड फोडते. दगड टिकाऊ असतो असे आपल्याला वाटते, पण कोणता दगड आणि कोणत्या हवेत, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

वर्गात हे दाखवायला ऑक्सफर्डची गरज नाही. शहाबादी फरशी हाही चुनखडीचाच दगड. तिच्या तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर बुडबुडे येतात आणि झिलई जाते. काळ्या कातळाच्या, म्हणजे ताज्या बेसॉल्टच्या तुकड्यावर सहसा असे होत नाही.

दोनशे वर्षांची वही

वुडस्टॉक रस्त्यालगत रॅडक्लिफ वेधशाळेचा अष्टकोनी मनोरा आहे. अथेन्सच्या ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’वरून त्याची कल्पना घेतली आहे. येथील खगोलशास्त्रज्ञ निरभ्र आकाशाच्या शोधात १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला गेले. हवामानाची नोंद मात्र तेथेच चालू राहिली. नोव्हेंबर १८१३ पासून या एकाच जागी दररोज तापमान लिहिले जात आहे. एकाच ठिकाणच्या अखंड नोंदींची ब्रिटनमधील ही सर्वांत लांब मालिका आहे.

तिचे मोल कशात आहे? ‘आमच्या लहानपणी थंडी फार असे’ हे वाक्य ऑक्सफर्डचे म्हातारेही बोलतात आणि आपलेही. १९६३ आठवणारा म्हणेल, हिवाळे नाहीसेच झाले. डिसेंबर २०१० चा कडाका सोसलेला म्हणेल, कसली तापमानवाढ? दोघांची आठवण खरी आहे, पण एका हिवाळ्यावरून हवामान ठरत नाही. दोनशे वर्षांचे आकडे ओळीने मांडले, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या कडक हिवाळ्यांपलीकडचा कल दिसतो. सरासरी तापमान चढत आहे आणि शून्याखाली जाणाऱ्या रात्री कमी होत आहेत. किमान तापमानाचा तेथील विक्रम, उणे १७.८ अंश, २४ डिसेंबर १८६० चा आहे. कमाल तापमानाचा, ३८.१ अंश, १९ जुलै २०२२ चा.

आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अशीच चिकाटी दाखवली आहे. शाळेलाही हे अशक्य नाही. सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी टांगलेला एक तापमापक, एक ठरलेली वेळ आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. अवघड भाग एकच. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत वही कोण लिहिणार? सुट्टीतल्या पाळ्या ठरवून द्याव्यात आणि जुनी वही नव्या वर्गाच्या हाती सोपवावी. पहिल्या वर्षी त्या आकड्यांतून फारसे काही कळणार नाही. पण आज पाचवीत असलेली मुले दहावीला जातील तेव्हा ‘यंदा थंडी कमी पडली का’ या प्रश्नाला त्यांच्या शाळेकडे स्वतःचे मोजलेले उत्तर असेल.