एका शब्दाचे मोल

वैयाकरणांविषयी एक जुने वचन प्रसिद्ध आहे. सूत्रातील अर्धी मात्रा वाचली, तरी त्यांस पुत्रजन्माचा आनंद होतो! पाठशाळेत असताना आम्ही विद्यार्थी या वचनावर हसत असू. पुढे छत्तीस वर्षांच्या शिक्षकीत मीही ते कितीदा तरी मुलांस ऐकविले. गेल्या हिवाळ्यात तेच मी माझ्या सहावीतील नातीस सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘आजोबा, मुलगी झाली तर त्यांना आनंद होत नसे का?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि त्याचे उत्तरही मजपाशी नव्हते.

या संभाषणास निमित्त निराळेच होते. १० डिसेंबर हा दिवस जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नातीस शाळेत पाच मिनिटे बोलावयाचे होते, आणि भाषण लिहून देण्याचे काम ओघानेच घरातील निवृत्त मास्तरांकडे आले. ते लिहिताना जी हकीकत वाचनात आली, ती व तिच्यापायी मला स्वतःच्या घरात जे पाहावे लागले ते, दोन्ही वाचकांपुढे ठेवीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. सर्व राष्ट्रांस मान्य होईल अशी मानवी हक्कांची सनद तयार करण्याकरिता अठरा सदस्यांचा एक आयोग नेमण्यात आला. त्यात स्त्रिया दोनच होत्या. एक अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट व दुसऱ्या भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसाबाई मेहता. हंसाबाई जन्माने सुरतच्या, परंतु त्यांचे सार्वजनिक आयुष्य बरेचसे मुंबईत गेले. महर्षी कर्व्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, आणि घटनासमितीच्या सभासदही होत्या.

सनदेच्या पहिल्या कलमाचा मसुदा ‘ऑल मेन’ अशा शब्दांनी सुरू होत असे. ‘मेन’ म्हणजे मनुष्यमात्र, त्यात स्त्रिया आल्याच, असे पुष्कळांचे म्हणणे होते; खुद्द अध्यक्षाबाईंसही प्रथम त्यात वावगे दिसले नाही. हंसाबाईंनी मात्र हट्ट सोडला नाही. ज्या देशांत स्त्रीस मत नाही, मालमत्ता नाही, तेथील कायदेपंडित ‘मेन’चा अर्थ पुरुष असाच करतील, हे त्या ओळखून होत्या. स्त्रियांच्या दर्जाचा विचार करण्यासाठी राष्ट्रसंघाने नेमलेला स्वतंत्र आयोगही याच मताचा होता. फेब्रुवारी १९४७ मध्ये भरलेल्या त्याच्या पहिल्या बैठकीस भारतातर्फे बेगम शरीफा हमीद अली हजर होत्या. अखेर ‘मेन’ जाऊन ‘ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे ‘मानव’, हे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ही सनद ४८ मतांनी संमत झाली. विरोधी मत एकही पडले नाही. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

त्या दिवशी आमचा परभणी जिल्हा निजामी अंमलातून मोकळा होऊन अवघे ८४ दिवस झाले होते. पॅरिसमध्ये कोणता शब्द बदलला याची वार्ता आमच्या गोदाकाठच्या गावी कोणास असणार? तरी त्या शब्दाच्या पोटात आमच्या घरची लेकही येऊन बसली होती. सनदेच्या सतराव्या कलमात असे म्हटले आहे की, प्रत्येकास एकट्याने, तसेच इतरांसह मिळून, मालमत्ता धारण करण्याचा अधिकार आहे. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी ‘इतरांसह मिळून’ हे शब्द विशेष लक्ष देऊन वाचावेत.

कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ. आपल्या शास्त्रात असे कोठे आहे? या आक्षेपास शास्त्रातूनच उत्तर देता येते. मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या पदरी कल्याणी येथे होता. ती कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण; १९५६ पर्यंत तिचे व परभणीचे राज्य एकच होते. याज्ञवल्क्यस्मृतीत स्त्रीधनाचे प्रकार सांगताना शेवटी ‘आद्य’ असा एक शब्द येतो, त्याचा अर्थ ‘इत्यादी’. दुसरा एखादा टीकाकार त्यावरून पुढे गेला असता. विज्ञानेश्वर तेथे थांबला आणि त्याने त्या एका शब्दात वारसा, खरेदी, वाटणी, परिग्रह आणि सापडलेले धन, एवढ्या सर्व मार्गांनी स्त्रीस मिळालेली मालमत्ता घातली. हंसाबाईंनी शब्द बदलून जे साधले, ते सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी या पंडिताने शब्दाचा अर्थ रुंद करून साधले होते.

याच ग्रंथाने वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मुलास दिला, मुलीस दिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवाय इंग्रजी अंमलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने विज्ञानेश्वराचा तो रुंद अर्थ स्वीकारला नाही. वारशाने आलेले धन स्त्रीने पुष्कळदा हयातीपुरतेच भोगावे, असे ठरत गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने ही मर्यादा काढून टाकली. त्या कलमात स्त्रीला मालमत्ता मिळण्याचे जे मार्ग मोजले आहेत, ते वाचताना मिताक्षरेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जन्मसिद्ध हक्काची उणीव महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून भरून काढली, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशात मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली. विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक शंका दूर केली. हा हक्क जन्माचा असल्यामुळे त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत, असे नाही.

या मधल्या काळात राष्ट्रसंघाने १९७९ साली स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहीसा करण्याचा करार केला. आज १८९ राष्ट्रे त्यात सामील आहेत. भारताने ९ जुलै १९९३ रोजी त्यास मान्यता दिली, पण एक निवेदन जोडले. रूढी आणि विवाह-कुटुंब यांसंबंधीच्या कलमांपुरते, कोणत्याही समाजाच्या घरगुती बाबतीत त्या समाजाच्या पुढाकारावाचून व संमतीवाचून सरकार हात घालणार नाही, असा त्याचा आशय आहे. या शब्दांवर मी फार वेळ विचार केला. राष्ट्रसंघाने सांगितले, सरकारने कायदा केला, तरी शेवटची पायरी समाजाच्या पुढाकाराची; आणि समाज म्हणजे अखेर तुमचे-आमचे घरच नव्हे काय?

असा पुढाकार आमच्या भागात झालेला आहे. ज्या शेतकरी संघटनेचे १९८४ चे अधिवेशन परभणीस भरले होते, तिने पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम काढला, आणि गावोगावच्या साध्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून दिला. १९९२ साली सरकारनेही याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. त्या शेतकऱ्यांनी मिताक्षरा वाचली नव्हती. मी वाचली होती. आता मी काय केले ते सांगतो.

आमचे वडील २००७ साली वारले. जमीन अठरा एकर. वारस आम्ही दोघे भाऊ व एक बहीण. बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिचा विवाह १९८९ सालचा. दोन वर्षांपूर्वी झालेला कायदा मला ठाऊक होता. तरीही वर्षश्राद्ध होताच आम्ही तिला तालुक्याच्या गावी बोलावून घेतले आणि हक्कसोडपत्र केले. बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटते, ही समजूत इतकी रुजलेली की तिला विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही. ‘अण्णा, सही कोठे करू?’ एवढेच तिने विचारले. मी बोटाने जागा दाखविली. त्या कागदात ‘राजीखुशीने व कोणाच्याही दबावावाचून’ असे शब्द होते. जन्मभर मुलांस समास सोडवून सांगणाऱ्या मी त्या दिवशी बहिणीस त्यातील एकही शब्द सोडवून सांगितला नाही. परतताना तिला एक साडी घेतली. पुढे तिच्या यजमानांचे आजारपण निघाले, दागिने मोडले गेले. तरी तिने शब्द काढला नाही, आणि आम्ही दर भाऊबीजेस ओवाळणी घालून समाधान मानीत आलो.

नातीचे भाषण लिहून झाले, पण मला झोप येईना. पॅरिसमधील ‘मेन’ या शब्दातला अन्याय मला स्पष्ट दिसत होता; ‘राजीखुशीने’ या शब्दातला, माझ्याच हातचा, सोळा-सतरा वर्षे दिसला नव्हता. संक्रांतीस बहीण आली तेव्हा मी तिच्यापुढे तो जुना कागद ठेवून वाचून दाखविला आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘अण्णा, तेव्हा कदाचित मी नकोच म्हटले असते. पण तुम्ही विचारायला हवे होते.’

केलेले हक्कसोडपत्र सहजी फिरविता येत नाही. परंतु आपल्या वाट्यातून बक्षीसपत्र करून देण्यास कोणाची हरकत नसते. तिचा न्याय्य वाटा सहा एकर. त्यापैकी माझ्याकडे अधिक आलेले तीन एकर, विहिरीकडची काळी जमीन, मी तिच्या नावे केली आहे. धाकट्या बंधूंचा विचार अद्याप चालू आहे. त्यांजवर मी दडपण आणीत नाही, कारण तसे केल्यास पुन्हा ‘राजीखुशीने’ या शब्दाचा अर्थ बिघडेल.

वाचकांस माझी विनंती एवढीच. ज्या घरी हक्कसोडीचा कागद व्हावयाचा असेल, तेथे तो आधी बहिणीच्या हाती द्यावा, तिला घरी नेऊ द्यावा, जाणत्या माणसास दाखवू द्यावा, आणि तिने नाही म्हटले तरी पुढच्या भाऊबीजेस तिचे ताट पूर्वीसारखेच मांडावे. असे झाले तरच ती खरी राजीखुशी.

नातीचे भाषण चांगले झाले, असे तिच्या बाई म्हणाल्या. वैयाकरणाचे वचन तिने त्यात घातले होते. फक्त ‘पुत्रजन्माचा’ हा शब्द गाळून तेथे ‘बाळ झाल्याचा’ असे तिने स्वतःच घातले. मात्रा कमी झाल्या की वाढल्या, हे मी मोजले नाही.