आवाज कोठून येतो ?

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे तिच्याविषयीं घरांतील प्रत्येक माणसाचें स्वतंत्र मत तयार होतें, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस नवा नसेल. नळ गळूं लागला कीं मतांचा पाऊस पडतो आणि नळ गळतच राहतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मोटारींत एक चमत्कारिक आवाज येऊं लागला, तेव्हांहि असेंच झालें. त्या आवाजाचा माग काढतां काढतां आम्हांस मोटारीविषयीं बरेंच आणि आमच्या घराविषयीं थोडेंसें ज्ञान झालें, तें येथें सादर करीत आहों.

आमची गाडी दहा वर्षांची. तिच्यावर हक्क सांगणारीं माणसें आठ आणि आवाजाविषयींचीं मतें नऊ. कारण आमचे धाकटे बंधु सकाळीं एक मत देत व संध्याकाळीं दुसरें. वहिनींच्या मतें मागच्या बाजूस कांहीं तरी घरंगळत होतें. मुलांच्या मतें इंजिन 'जाणार' होतें, आणि या कल्पनेनें तीं हर्षभरित झालीं होतीं. बंधूंचा अंतिम सिद्धांत असा कीं, गाडी जुनी झाली म्हणजे ती खडखडावयाचीच. आणि त्यावर त्यांचा उपाय म्हणजे रेडिओचा आवाज वाढविणें. मातोश्री चालकाच्या शेजारीं डाव्या बाजूस बसतात. त्यांनीं एवढेंच सांगितलें, "माझ्या पायांखालून येतो रे तो." परंतु मोतीबिंदूमुळें मातोश्रींस अलीकडे कमी दिसतें. दिसत नाहीं त्यास ऐकूंहि येत नसावें, अशा कांहीं तरी समजुतीनें त्यांचें बोलणें कोणींच मनावर घेतलें नाहीं. त्यांत आम्हीहि होतों.

ही केवळ करमणुकीची बाब नव्हती. मातोश्रींच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया मुंबईस ठरली होती. तारीख मिळाली होती, दादरला बहिणीच्या घरीं राहण्याची सोय झाली होती, आणि त्यांना घेऊन याच गाडीनें कसारा घाट उतरावयाचा होता. हातांत तीन आठवडे होते.

प्रथम आम्हीं गाडी एका मोठ्या दुरुस्तीगृहांत नेली. दोन दिवसांनीं ती धुऊन-पुसून परत आली आणि सोबतच्या कागदावर 'आवाज आढळला नाहीं' असा शेरा होता. दाताच्या डॉक्टरांच्या दारांत पाऊल टाकतांच दाढ दुखावयाची थांबते, त्यांतलाच हा प्रकार. पण पुढें विचार करतां आम्हांस वाटलें कीं, दोष त्या मंडळींचा तितकासा नव्हता. आम्हीं त्यांस 'आवाज येतो' एवढेंच सांगितलें होतें. वैद्याकडे जाऊन 'बरें नाहीं' एवढेंच सांगणाऱ्या रोग्यास वैद्यानें कोणतें औषध द्यावें ?

तेव्हां आवाजाला आधीं नांव द्यावें असें ठरलें. या कामीं आपली मराठी भाषा किती संपन्न आहे ! खडखड निराळी, खुळखुळ निराळी. कुरकुर, किरकिर, घरघर, झणझण, टकटक, खटखट या प्रत्येकीचें घराणें वेगळें. ज्या भाषेनें मोटारसायकलला तिच्या आवाजावरून 'फटफटी' म्हटलें, तिला एका मोटारीच्या दुखण्याचें वर्णन करणें काय अवघड ? आठवींतील आमच्या पुतणीनें एक वही केली. आवाज कसा, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेगांत, इंजिन थंड असतां कीं तापल्यावर, वळतांना कीं सरळ जातांना, असे रकाने तिनें आंखले आणि आठवडाभर प्रत्येक फेरीची नोंद ठेविली. आठवड्याअखेर वहींतून जो निष्कर्ष निघाला, त्यानें सर्वांचीं मतें एकदम बाद झालीं. आवाज एक नव्हताच. ते तीन होते. आणि ते कधीं एकत्र, कधीं निरनिराळे येत असल्यामुळें एकाचें लक्षण दुसऱ्यास चिकटत होतें.

पहिला आवाज खुळखुळीचा. तो वळणावर येई व थांबतांना येई. त्याकरितां गाडी रिकामी करावी असें ठरलें. डिकी, दारांचे कप्पे, बैठकींच्या खालच्या फटी, सर्व कांहीं अंगणांत मांडलें. त्र्यंबकेश्वरच्या यात्रेंत हरवलेला अडकित्ता, एक कुंकवाची डबी, सात नाणीं आणि तांब्यावरचें एक झाकण अशी संपत्ति हातीं लागली. अडकित्त्याची चोरी वर्षभर ज्या भाच्यावर होती, त्याची सर्वांसमक्ष निर्दोष मुक्तता झाली. स्टेपनीच्या खड्ड्यांत जॅक मोकळा पडला होता, तोहि बांधून टाकला. ('स्टेपनी' हें नांव वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलें. त्या रस्त्यावरील दोघां बंधूंनीं १९०४ च्या सुमारास जादा चाक विकावयास काढलें, आणि त्या रस्त्याचें नांव आपल्याकडे घरोघर पोंचलें.) खुळखुळ संपली. वहिनींचें मत खरें ठरलें, पण एकतृतीयांशच.

दुसरा आवाज झणझणीचा. तो गाडी उभी असतांहि येई. मात्र इंजिनाची गति मिनिटास १,५०० फेऱ्यांच्या आसपास आली म्हणजेच. वर किंवा खालीं गेली कीं तो नाहींसा होई. याचें कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. मिनिटास १,५०० म्हणजे सेकंदास २५ फेरे. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट होतात, म्हणजे गाडीच्या अंगास सेकंदाला ५० धक्के बसतात. प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते, आणि बाहेरचे धक्के त्या संख्येशीं जुळले म्हणजे ती वस्तु जोरानें कांपूं लागते. यासच अनुनाद म्हणतात. पेटीचा एखादा विशिष्ट सूर दाबला कीं फळीवरचें एखादेंच भांडें झणझणतें, तेंहि याच न्यायानें. गाडी पूर्ण थंड झाल्यावर खालीं वांकून आम्हीं लांकडी काठीनें एक एक भाग ठोकून पाहिला. सायलेन्सरच्या नळीची उष्णता वर लागूं नये म्हणून बसविलेला पातळ पत्रा पावसानें गंजून एका बाजूस सुटला होता. एका लोखंडी पट्टीनें तो आवळतांच झणझण थांबली.

येथें बंधूंनीं विजय जाहीर केला. तिसरा आवाज उरला होता, पण तो लहान होता. एक मंद, जाड खटखट. "दादा, एवढ्या मोठ्या यंत्रांत एखादा आवाज राहावयाचाच," असें त्यांचें म्हणणें. तारीख सहा दिवसांवर आली होती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें म्हणणें पटूं लागलें होतें. यावर मातोश्री म्हणाल्या, "माझे गुडघेहि कुरकुरतात रे, पण कोणता गुडघा तें मला ठाऊक असतं." या उत्तरास प्रत्युत्तर नव्हतें.

वही पुन्हां उघडली. अशोक स्तंभापासून गंगापूर रोडनें आनंदवल्लीकडे जातांना लहान खड्ड्यांवर खटखट येते. मुंबई-आग्रा रस्त्यावरील उड्डाणपुलाच्या गुळगुळीत पृष्ठावर येत नाहीं. गिअर काढला तरी येते, म्हणून ती इंजिनाची नव्हे. आतां ती चाकाच्या फिरण्याची कीं चाकाच्या उसळण्याची ? चाकाचा परीघ सुमारें दोन मीटर धरला, तर ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगांत, चाकाचे सेकंदाला पांच फेरे होतात. टायरांत खडा रुतला असता तर त्या वेगांत सेकंदाला पांच टकटक ऐकूं आल्या असत्या. आमची खटखट फेऱ्यांचा हिशेब पाळीत नव्हती. ती खड्ड्यांचा हिशेब पाळीत होती. उजवीकडे वळतांना, म्हणजे गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतांना, ती वाढत होती.

मग ती प्रत्येकास निरनिराळ्या ठिकाणीं कां भासावी ? ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, तर पोलादांतून सुमारें ५,००० मीटर. एका कोपऱ्यांत झालेला ठोका पत्र्यांतून क्षणार्धांत सर्व गाडीभर पसरतो व भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो; त्यांत बंद कांचांवरून तो परततो. मागें बसलेल्यास तो मागें वाटतो, यांत त्याची लबाडी नसते.

द्वारकेकडील एका गल्लींत एका मिस्त्रींचें लहानसें गॅरेज आहे. आम्ही मातोश्रींसह तेथें गेलों व वही त्यांच्या पुढें ठेविली. मिस्त्रींनीं प्रथम लांब पेचकसाचें टोंक चालू इंजिनावर व मूठ कानामागच्या हाडावर टेकवून इंजिन ऐकलें आणि मान डोलाविली. १८१६ सालीं लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले, त्यांतून स्टेथोस्कोप निघाला. आमच्या मिस्त्रींचा पेचकस त्याच वंशांतला. नंतर त्यांनीं विचारलें, "आवाज सगळ्यांत जास्त कोणाला ऐकूं येतो ?"

आम्हीं थोड्या संकोचानें मातोश्रींकडे बोट दाखविलें.

"मग आजी बसतात तिथं मला बसवा. गाडी काका, तुम्हीच चालवा. मी चालवली तर लक्ष रस्त्यावर जाईल."

दोन गल्ल्या फिरून आल्यावर त्यांनीं डावें पुढचें चाक जॅकवर उचललें, दोन्ही हातांनीं वरून व खालून धरलें आणि हलविलें. चाक हललें. खटक्याचा आवाज आला. खुर्चीवर बसलेल्या मातोश्री म्हणाल्या, "हाच तो."

चाक वर-खालीं व्हावें आणि वळतांहि यावें म्हणून तेथें एक सांधा असतो. त्यास बॉल जॉइंट म्हणतात. आपल्या खांद्यासारखीच ती वाटी व गोळ्याची रचना. त्यावरील रबरी टोपण फाटलें होतें. त्यांतून पावसाचें पाणी व वाळू आंत जाऊन वंगण गेलें होतें आणि गोळा झिजून वाटींत खेळत होता. मिस्त्रींनीं तो काढून आमच्या तळहातावर ठेविला व शांतपणें सांगितलें, "हा सुटला असता तर चाक आडवं पडलं असतं, काका. घाटांत कळलं असतं." बंधु कांहीं बोलले नाहींत, आम्हीहि नाहीं. दोन महिने आम्हीं त्या आवाजावर गाणीं ऐकलीं होतीं.

नवा सांधा बसला, चाकांची सरळ रेषा तपासून घेतली, आणि खर्च आमच्या भीतीहून पुष्कळच कमी आला. मोठे कारखानदारहि वेगळें कांहीं करीत नाहींत. २००२ सालीं आलेली स्कॉर्पिओ ज्या नाशकांत तयार होऊं लागली, त्याच नाशकांतून जाणारा आग्र्याचा रस्ता पुढें इंदूरकडे जातो. इंदूरजवळ पिठमपूर येथें वाहनांच्या चांचणीसाठीं बांधलेला ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग २०२१ सालीं सुरू झाला. पुण्यास १९६६ पासून याच कामाची संस्था आहे. खडखडीचा शोध घेणारे तज्ज्ञ चारी चाकांखालीं हलते खांब लावून उभी गाडी डोलवितात आणि आवाज कधीं व कोठें उठतो तें पाहतात. आमच्या पुतणीची वही हें त्याच शास्त्राचें घरगुती रूप.

वाचकांस आमचें सांगणें थोडें आहे. आवाजास आधीं नांव द्या. तो केव्हां येतो याबरोबरच केव्हां येत नाहीं तेंहि लिहा. गाडी रिकामी केल्यावांचून यंत्रास दोष देऊं नका. खड्ड्यावर, वळतांना किंवा ब्रेक दाबतांना येणारी खटखट मात्र एक दिवसहि अंगावर काढूं नका. ती चाकाची, आणि म्हणून माणसांची बाब आहे. आणि घरांत जो सर्वांत कमी बोलतो, त्यास एकदां विचारा.

ठरल्या दिवशीं पहाटे आम्ही निघालों. इगतपुरी मागें टाकून घाट उतरूं लागलों, तेव्हां संवयीनें बंधूंचा हात रेडिओकडे गेला. मातोश्री म्हणाल्या, "राहूं दे. जरा गाडी ऐकूं दे." आम्ही सर्वांनीं कान दिला. खालीं कसाऱ्यापर्यंत चाकांच्या एकसारख्या घरघरीवांचून कांहींहि ऐकूं आलें नाहीं.