शिष्यवृत्ती परत मागितली तर

पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुकच्या घरात वसुलीचं पत्र आलं की आधी आईचा जीव खालीवर होतो. पैसे तर केव्हाच फीत गेलेले असतात. घाबरून कशावरही सही करू नका, पासबुक काढा.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१ च्या नव्या नियमांनुसार थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी त्यानेच कॉलेजात भरायची असते. खात्यातली नोंद आणि कॉलेजची पावती शेजारी ठेवा. पावती नसेल तर कॉलेजकडून लेखी मागा.

मधेच शिक्षण सुटलं असेल, तर नियमातला एक शब्द फार मोलाचा आहे. अशी रक्कम परत घेणं राज्य सरकारच्या ‘विवेकावर’ सोडलेलं आहे. म्हणजे आजारपण, घरातला मृत्यू ही कारणं कागदपत्रांसह मांडता येतात, आणि मांडायलाच हवीत. खोटा दाखला दिला असेल तर मात्र वसुली टळत नाही.

हे सगळं मांडणारा अर्ज पुण्यात विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या नावे द्या. कोणत्या वर्षाची, कोणत्या हप्त्याची रक्कम आणि कोणत्या नियमाने, हे विचारा. झेपत नसेल तर हप्ते मागा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.