उघाडी
उघाडी : खाडीकाठच्या खारबांधातील पाणी नियंत्रित करणारे दार. पालघर जिल्ह्याच्या (२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्याचा भाग) किनाऱ्यावर वैतरणेसारख्या खाड्यांलगतची खाजणे भातशेतीखाली आणण्यात बांध व उघाडी यांना महत्त्व आहे. झडप वरच्या कडेस बिजागरीने टांगलेली असून खाडीच्या बाजूस उघडते. भरतीच्या दाबाने ती मिटते. ओहोटीस आतील पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. बांधांची देखभाल पूर्वी मुख्यतः खातेदारांकडे असे. १९४८ च्या मुंबई खार जमीन अधिनियमाने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियमाने शासनाचा त्यातील सहभाग वाढला. झडप निकामी झाल्यास खारे पाणी शेतात शिरते आणि पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जाईपर्यंत जमीन भातास निरुपयोगी ठरते.