साडेसात आठवड्यांचे राज्यपाल

ग्वाल्हेरात जयेंद्रगंज म्हटलं की जुनं हायकोर्ट आठवतंच. त्यामुळे न्यायाधीश आणि राज्यपाल यांतला फरक इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. राज्यपालाच्या नावाने सरकारचा कारभार चालतो आणि तो कायद्याला धरून आहे की नाही, हे न्यायाधीश तपासतो. पण आज न्यायासनावर असलेला माणूस उद्या राजभवनात गेला तर? आणि तेही ऐन लढाईच्या दिवसांत? 1962 साली महाराष्ट्रात नेमकं हेच घडलं. त्या न्यायाधीशांचं नाव हशमतराय खूबचंद चैनानी.

चैनानी हे सिंधी, आय.सी.एस.मधून न्यायखात्यात आलेले. न्या. छागला यांच्यानंतर, 1958 साली, ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि 1965 पर्यंत त्या पदावर राहिले. गाजलेला नानावटी खटला त्यांच्याच कारकिर्दीतला. मार्च 1960 मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना जन्मठेप दिली आणि राज्यपाल श्रीप्रकाश यांनी लगेच ती शिक्षा स्थगित केली. राज्यपालांना असं करता येतं का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे आला. त्यांनी राज्यपालांचा हुकूम वैध ठरवला. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असताना राज्यपालांना हा अधिकार वापरता येत नाही, असं पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. राज्यपालाचा हात कुठवर पोचतो, याचा खल असा चैनानींच्या कोर्टातच झाला होता.

दोन वर्षांनी ती खुर्ची त्यांच्याकडेच आली. 6 ऑक्टोबर 1962 रोजी राज्यपाल पी. सुब्बरायन यांचं निधन झालं. राज्यपालाची जागा अचानक रिकामी झाली तर काय करायचं, हे राष्ट्रपतींनी ठरवायचं, असं घटनेचं 160 वं कलम सांगतं. त्या काळी अशा वेळी बहुधा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडेच काम सोपवलं जाई. कारण साधं होतं: हा माणूस कुठल्या पक्षाचा नसतो. तसे चैनानी कार्यवाहक राज्यपाल झाले.

एरवी हे काम सह्यांचं आणि समारंभांचं. पण दोनच आठवड्यांनी, 20 ऑक्टोबरला, चीनने मोठा हल्ला चढवला. 26 तारखेला आणीबाणी जाहीर झाली. यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावणं आलं आणि 20 नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. सीमेवर युद्ध आणि मुंबईत सत्तांतर, अशा वेळी राजभवनात एक न्यायाधीश बसलेले होते. 28 नोव्हेंबरला विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल झाल्या आणि चैनानी आपल्या न्यायालयात परतले.

खरी अडचण इथेच होती. भारत संरक्षण नियमांखाली सरकार माणसांना खटला न चालवता स्थानबद्ध करू शकत होतं. 3 नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अशा स्थानबद्धांचा 21 आणि 22 या कलमांसाठी कोर्टात जाण्याचा हक्कही थांबवला होता. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतो हे खरं, पण राज्य सरकारचे हुकूम निघतात त्याच्याच नावाने. मग त्या खुर्चीतून परतलेला न्यायाधीश ज्या न्यायालयाचा प्रमुख, तिथे कैद्याने दाद कशाच्या भरवशावर मागायची?

या प्रश्नाचं एक उत्तर मराठीच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक चक्क मराठीत लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. संझगिरी उच्च न्यायालयात गेले. स्थानबद्ध माणसाला काय काय करता येणार नाही हे नियमांत सांगितलेलं आहे, पण त्यात पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची मनाई कुठे आहे, असा मुद्दा होता. उच्च न्यायालयाने कैद्याच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला. चैनानी तेव्हाही मुख्य न्यायाधीश होतेच. म्हणजे त्यांच्याच न्यायालयाने राज्य सरकारला सांगितलं, नियमात नाही तेवढं बंधन तुम्हाला घालता येणार नाही.

असा प्रसंग आपल्या राज्यातही आला. फेब्रुवारी 1966 मध्ये मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश पी. व्ही. दीक्षित आठवडाभर कार्यवाहक राज्यपाल होते आणि 1962 ची आणीबाणी तेव्हाही उठलेली नव्हती. ती उठली जानेवारी 1968 मध्ये.

तेव्हा माणूस सज्जन आहे म्हणून अशी सोय चालते, असं समजून स्वस्थ बसू नये. ही सोय थोड्या दिवसांपुरतीच असते, म्हणून ती निभावते. आणि सरकारला ‘हे नियमात कुठे आहे?’ असं विचारायची सवय न्यायालयाने सोडलेली नसते, म्हणूनही. संझगिरींच्या वह्या तुरुंगाबाहेर आल्या, त्या याच सवयीमुळे.